आधी सुई, मग बोरं

संक्रांत झाली की आमच्या इमारतीत लहान पोरांचं रडणं वर चढतं. तळमजल्यावर बालवाडीची खोली आहे. तिची मागची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि त्या डक्टमधून कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा ठसका, नवराबायकोची भांडणं असं सगळंच आम्हाला सातव्या मजल्यावर घरपोच मिळतं. जानेवारीतल्या एका सकाळी त्याच वाटेने एका पोराचं भोकाड येतं. मग दुसऱ्याचं. मग त्या दोघांचं ऐकून तिसरंही सूर लावतं. मी ओट्याशी असते. गॅस बारीक करून मी ऐकत उभी राहते आणि मला फार बरं वाटतं. दुसऱ्यांची पोरं रडताना जिला बरं वाटतं त्या बाईला काय म्हणावं, हे माझ्या नवऱ्याने अजून ठरवलेलं नाही.

यंदाही कोपऱ्यावरच्या हातगाडीवर बोरं आली. एका बाजूला ती मोठी, हिरवी, सफरचंदाचा आव आणणारी. दुसऱ्या बाजूला खरी, म्हणजे लालसर, सुरकुतलेली, आंबट, आणि आत एखादी अळी असण्याची बरीच शक्यता असलेली. बोरन्हाणाला ही दुसरीच लागतात. मोठं बोर पोराच्या डोक्यावर पडलं तर टेंगूळ यायचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही हा सोहळा करता येतो. लहानग्याला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून ओवाळायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या. पाटावरचं पोर भांबावून बघत राहतं आणि भोवतीची मोठी पोरं खाली पडलेलं लुटतात. पुढे ऊन-वारा बाधू नये म्हणून करतात, असं म्हणतात. माझ्या मते बायकांना आणि पोरांना एकत्र जमायला निमित्त लागतं म्हणून करतात. दोन्ही कारणं चांगली आहेत.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी राहतो. पूर्वी इथे झोपड्या होत्या. त्या जाऊन आमची एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची, इमारत झाली आणि उरलेल्या जागेवर बिल्डरने विकायचा टॉवर बांधला. मधे भिंत आहे, भिंतीत एक लोखंडी दार आहे. आमच्या खिडकीतून टॉवरचा पोहण्याचा तलाव दिसतो. पोहताना कुणी दिसत नाही, पण पाणी कायम निळं असतं. मागच्या बाजूला डोंगर, त्यावर अजून चढत गेलेली घरं, पायऱ्या, पिंपं, पत्रे. तर पुढे टॉवर, मागे डोंगर आणि मधे आम्ही. आमच्यात गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली विकून इकडे आलेली कोकणातली घरं आहेत, जालना-परभणीकडून आलेली बौद्ध घरं आहेत, आणि गणपतीत व आंबेडकर जयंतीला सगळ्यांचा स्पीकर एकच आहे. 

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मालवणकडच्या. लग्न होऊन लालबागला आल्या तेव्हा चाळीतल्या एका शेजारणीकडून काटेरी हलवा करायला शिकल्या, आणि तेव्हापासून थंडीत आमच्या घरात त्यांचंच राज्य असतं. पहाटे उठून त्या परातीत तीळ घेतात, मंद आचेवर ठेवतात आणि साखरेचा पाक चमच्या-चमच्याने सोडत बोटांनी हलवत बसतात. तासन् तास. बोटं भाजतात, पण चमच्याने काटा येत नाही म्हणतात. हळूहळू प्रत्येक तिळाला पांढरे काटे फुटू लागतात. मग तो हलवा दोऱ्यात ओवून हार, कानातले, मुकुट, बाजूबंद. घरभर साखरेचा कोमट वास, आणि फॅन कधी लावायचा हे विचारायचीही सोय नाही.

ह्या दागिन्यांबरोबर लागणारी काळी झबली आमच्या समोरच्या घरातली संघमित्रा शिवते. आम्ही तिला मित्रा म्हणतो. आईंचा दागिन्यांचा सेट आणि मित्राचं झबलं अशी जोडी घाटकोपरभर जाते. मित्राच्या घरी बोरन्हाण करत नाहीत. आमच्यात नसतं बाबा तसलं, असं ती हसत सांगते आणि त्याच दमात विचारते, काकी, ह्या झबल्याला चांदणी लावू की पतंग.

माझी ओवी जन्मली तेव्हा करोनाची टाळेबंदी नुकतीच लागली होती. रस्ते असे रिकामे की प्रसूतिगृहातून घरी येताना रिक्षा कधी नव्हे ती एका दमात पोचली. जन्मल्याबरोबर दिलेल्या लशी तेवढ्या तिला मिळाल्या होत्या. काही आठवड्यांनी दंडावर बीसीजीचा फोड आला, पिकला, फुटला आणि बारीकशी खूण राहिली. त्या दिवसांत मी त्या खुणेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवायची. ओवी दीड महिन्याची झाली की पुढचा डोस होता. त्याच सुमारास आमची इमारत बंद झाली, गेटवर आडवे बांबू लागले, आणि बालवाडीची खोली भलत्याच कामाला आली.

त्या खोलीच्या भिंतींवर मुळाक्षरं आहेत, एक जांभळा पोपट आहे (रंगवणाऱ्याकडचा हिरवा रंग संपला असावा), आणि पोरांच्या बसायच्या इवल्या लाल खुर्च्या आहेत. ज्यांचा तपासणीचा निकाल वाईट यायचा त्यांना तिथे आणून बसवायचे आणि मग बस येऊन त्यांना विलगीकरण केंद्रात घेऊन जायची. माझे सासरे, अण्णा, मे महिन्यात तसेच गेले. खाली लाल खुर्चीवर बसले होते, गुडघे छातीशी, मांडीवर कपड्यांची पिशवी. शेजारच्या खुर्चीवर चौथ्या मजल्यावरचे सावंतकाका. बसमध्ये चढताना दोघांनी वर बघून हात केला. आम्ही सगळ्या खिडक्यांतून हात केला. आई खिडकीशी आल्याच नाहीत. 

अण्णा परत आले. अर्धे झाले होते, पण केंद्रातल्या डाळीबद्दलच्या तक्रारी पूर्ण होत्या. सावंतकाका आले नाहीत. त्यांच्या घरच्यांना शेवटचं बघताही आलं नाही, आणि आम्हाला त्यांच्या दारापर्यंत जाऊन बसता आलं नाही. तेव्हापासून ती बालवाडी कुणासाठी बालवाडी राहिली नाही. ती खोली, एवढंच म्हणायचे. आई भाजीला जाताना लिफ्टमधून उतरल्या की समोरच्या दाराने न जाता मागून, गटाराच्या कडेने वळसा घालायच्या. त्यांचं बघून बाकीच्या बायकाही तसंच जाऊ लागल्या. 

लशींचं त्या वर्षी तीन ठिकाणी तीन तऱ्हेने झालं, आणि सातव्या मजल्यावरून मला तिन्ही तऱ्हा दिसत होत्या. टॉवरमध्ये डॉक्टर यायचे. खाली पार्किंगमध्ये गाडीचं मागचं दार उघडं, निळ्या पोशाखातले डॉक्टर वाकलेले, आणि दारातून एक गोरा गोरा पाय बाहेर. सुई झाली की दार बंद आणि गाडी निघून जायची, डॉक्टर पुढच्या गाडीकडे. मला हेवा वाटला. वाटला म्हणजे चांगलाच वाटला. मागच्या डोंगरावर तर पोरंच उरली नव्हती. अर्धी घरं कुलपं लावून गावाला गेली होती, कुणी जालन्याला, कुणी उत्तर प्रदेशात बस्तीला. तिथे कुठली लस आणि कुठलं काय. आणि मधे आम्ही. मित्राचा आयुष ओवीपेक्षा थोडासाच मोठा. ती त्याला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात गेली तर नेहमीच्या दारात तपासणीची रांग. पोराला पदराखाली घेऊन ती गेटवरूनच माघारी आली. आयुषचे डोस राहिले ते तिथे.

दिवाळी झाल्यावर पालिकेच्या सिस्टर पुन्हा आमच्याकडे यायला लागल्या. पूर्वीसारख्याच महिन्यातून एकदा, बुधवारी, लशींचा थंड डबा घेऊन. आणि पूर्वीसारख्याच बालवाडीत बसू लागल्या, कारण आमच्या इमारतीत बसायला दुसरी जागा नाही. त्या टेबल पुसायच्या, डबा ठेवायच्या, दाराकडे तोंड करून बसायच्या. कुणी यायचं नाही. सोबतच्या आरोग्यसेविका घरोघरी जाऊन सांगून यायच्या, बायका दार किलकिलं करून हो हो म्हणायच्या. दुपारी सिस्टर डबा उचलून निघायच्या. मी गॅलरीतून त्यांना गेटपर्यंत जाताना बघायची.

आमच्या घरात ह्यावरून रोज वाजायचं. मी म्हणायची, खाली नेऊन आणते, पाच मिनिटांचं काम. आई ओवीला मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या. "त्या खोलयेत चेडवाक नेवचा नाय," एवढंच म्हणायच्या. मी आवाज चढवला तर ओवीला उचलून आतल्या बाजूला जायच्या. आमचं आत म्हणजे कपाटाच्या पलीकडे. दुसरीकडे कुठे न्यायचं म्हटलं तर दवाखान्याच्या बाहेर रांगा, आणि घरात अण्णा, नुकते उठलेले. मीही घाबरलेली होते. एका भीतीने दुसरी गिळली होती. सगळं जग एका नव्या लशीची वाट बघत होतं, टीव्हीवर रोज तीच चर्चा; आणि ज्या लशी आपल्याला केव्हाच्या मिळालेल्या होत्या त्या खाली डब्यात थंडगार पडून होत्या. रात्री ओवीचा दंड चाचपडला की त्या एकाच खुणेला बोट लागायचं.

तेवढ्यात थंडी आली. मुंबईत ती येते म्हणजे पहाटे पांघरूण घ्यावंसं वाटतं आणि नऊला काढावंसं. तेवढी आईंना पुरते. वर्षभर कुणाकडे काही झालं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं होतं यंदा दागिने कोण घेणार. पण मागण्या नेहमीपेक्षा जास्त आल्या. डोंगरावर परतलेल्या घरांतूनही आल्या. टाळेबंदीत जन्मलेल्या पोरांचं बारसं धड झालं नव्हतं, निदान बोरन्हाण तरी करू, असं बायका म्हणत होत्या. पण घरातल्या घरात. आईंनीही तसंच ठरवलं होतं. सातव्या मजल्यावर, आपल्यापुरतं, पाटाभोवती आम्ही चौघं.

त्या सकाळी आई परातीशी बसल्या होत्या. मित्रा शिवलेली झबली घेऊन आली, मास्क खाली ओढून दारातच टेकली. बोलता बोलता म्हणाली की तिची मावसबहीण राहते त्या गल्लीत, वर डोंगरावर, गावाहून आलेल्या एका पोराला गोवर आलाय. अंगभर पुरळ, डोळे लाल, ताप उतरत नाही. आणि शेजारच्या घरातल्या दोघांनाही आता ताप भरलाय. ती सहज सांगत होती, बातमी सांगतात तसं. मी आयुषकडे बघितलं. तो दारातून रांगत ओवीच्या खुळखुळ्याकडे निघाला होता.

आईंचा हात थांबला होता. पाक सोडायचा, हलवायचं, पाक सोडायचा, ह्यात कधी खंड पडत नाही, आणि त्या नुसत्या परातीकडे बघत बसल्या होत्या. करपल्याचा वास आला तेव्हा मीच गॅस बंद केला. तीळ काळे झाले होते. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"माझी धाकटी भयण होती, शेवंती," त्या म्हणाल्या. "तेका गोवर इलो. घरात काळोख केल्यानी, कडूनिंब लावल्यानी. चेडू रडान रडान दमला. मगे गप ऱ्हवला. आयेक वाटला, तेका बरां वाटाक लागला."

इतकी वर्षं मी त्या घरात होते, शेवंतीचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. अण्णांनी नंतर सांगितलं की त्यांनीही लग्नानंतर एकदाच ऐकलं होतं. आई उठल्या, परात मोरीत नेऊन ठेवली, हात धुतले. ओवीला उचलून घेतलं आणि मला विचारलं, ती सिस्टर परत कधी येणार. मी म्हटलं, बुधवारी. मग बोरन्हाण बुधवारीच करू, म्हणाल्या, खाली. बालवाडीत.

मित्रा म्हणाली, काकी, पण येणार कोण तिथे.

"सुयेक कोण येवचा नाय," आई म्हणाल्या. "बोरांक येतली सगळी."

माझ्या सासूबाईंना मी बऱ्याच गोष्टींसाठी मानते आणि बऱ्याच गोष्टींसाठी मानत नाही. पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे. दिवाळीपासून भिंतीवर पत्रकं लागली होती, रिक्षा फिरवून स्पीकरवर सांगितलं जात होतं, आणि बायका हलत नव्हत्या. आईंनी नुसतं बोलावणं केलं. जसं करायचं असतं तसं: स्वतः, दारोदार, करंड्यात हळदकुंकू, वाटीत हलवा, तोंडाला मास्क. आधी चौथ्या मजल्यावर, सावंतकाकूंकडे. हळदकुंकवाचा करंडा दाराबाहेरच ठेवून आत गेल्या आणि बराच वेळ आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा सावंतकाकू त्यांच्याबरोबर पुढच्या दारी निघाल्या होत्या. त्यानंतर नाही कोण म्हणणार.

डोंगरावरचं बोलावणं मित्राने केलं. तिथे सगळ्यांत बोरन्हाण असतंच असं नाही. काही घरं तिच्यासारखी, काही भय्यांची, काही मुसलमानांची. तिने प्रत्येकीला सरळ सांगितलं. "आमच्यात पण बोरन्हाण नसतं. पण सुई आमच्यात पण असते. चल, पोराला काळं काहीतरी घाल आणि ये." आणि वर, झबलं नसेल तर माझ्याकडे उरलेली आहेत.

मंगळवारी बालवाडी धुतली. बायकांनी बादल्या, खराटे, फिनेल सगळं आणलं, पण उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल टाकायला कुणी तयार होईना. तेव्हा अण्णा आले. आत गेले, भिंतीकडेची ती लाल खुर्ची ओढली आणि जांभळ्या पोपटाखाली जाऊन बसले. पुन्हा गुडघे छातीशी. म्हणाले, बघा, काय होत नाय, फक्त उठवायला दोघं लागतात. हसू आलं सगळ्यांना. आई हसता हसता डोळे पुसत होत्या. मग त्यांनीच पहिली बादली ओतली.

बुधवार मला अजून वासासकट आठवतो. फिनेल, उदबत्ती, बोरं, स्पिरिट. सिस्टर डबा घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. खोलीत बसायला जागा नव्हती. काळ्या झबल्यातली, काळ्या फ्रॉकातली, एक तर चक्क काळ्या टी-शर्टातली पोरं मांड्यांवर, कडेवर, जमिनीवर. प्रत्येकाच्या गळ्यात आईंचा हलव्याचा हार. भिंतीतलं लोखंडी दार कुणी तरी उघडलं होतं आणि टॉवरमधली एक आजी नातीला घेऊन आली होती. त्या नातीचे सगळे डोस वेळेवर झालेले. तिला फक्त बोरं हवी होती. 

आणि मग आमच्या बायकांनी शोभेलसा घोळ घातला. आधी ओवाळणं, आधी बोरं, सुई शेवटी, असं त्यांचं म्हणणं. शुभकार्याची सुरुवात पोरांना रडवून करायची का. सिस्टरना ते मान्य नव्हतं. बोरं मिळाली की तुम्ही पोरं उचलून पळणार, मी ओळखून आहे, त्या म्हणाल्या. थोडी वादावादी झाली. शेवटी दोन्ही बाजूंनी आईंकडे बघितलं. आई ओवीला घेऊन पुढे झाल्या आणि सिस्टरसमोरच्या खुर्चीवर बसल्या. "आदी सुई," म्हणाल्या, "मगे बोरां."

पण घोळ अजून संपला नव्हता. आईंनी हौसेने सगळ्या पोरांना हलव्याचे बाजूबंद बांधले होते, तेही घट्ट, दंडावर, बरोबर जिथे गोवराची सुई द्यायची तिथेच. पोरांच्या घामाने साखर विरघळलेली, दंड चिकट, दोऱ्याच्या गाठी सुटेनात. सिस्टर एकेक दंड पुसायच्या, पुन्हा पुसायच्या. सुयांपेक्षा जास्त वेळ बाजूबंद सोडवण्यात गेला. आईंनी हलव्यात काढलेली सगळी पहाट अशी कचऱ्याच्या डब्यात गेली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच कुणी त्यांच्यावर वैतागलं ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं. पुढच्या वर्षीपासून आमच्या इमारतीच्या सेटमध्ये बाजूबंद नसतो.

ओवीला मांडीत एक सुई, दंडात एक सुई, जिभेवर थेंब. पहिल्या सुईला ती क्षणभर गप्प झाली, आश्चर्याने. मग तिने जो टाहो फोडला तो डक्टमधून सातव्या मजल्यापर्यंत गेला, असं वर घरी थांबलेल्या माझ्या नवऱ्याने शपथेवर सांगितलं. तिचं बघून आयुषनेही सूर लावला. मग खोलीच रडायला लागली. सगळ्या बायका आपापल्या पोरांना शू शू करत होत्या, थोपटत होत्या, खुळखुळे वाजवत होत्या. आईंनी ओवीला गप्प केलं नाही. नुसतं छातीशी घट्ट धरून बसल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत मला कुठेही घाबरलेपण दिसलं नाही. मीच रडत होते. सुटल्याचं रडणं होतं ते, मोठ्याने.

सगळ्यांच्या सुया झाल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, तो अर्धा तास बोरांचा. ओवाळलं, बोरं ओतली, मोठ्या पोरांची झुंबड उडाली, मास्क हनुवटीवर आले, सिस्टर ओरडल्या, मास्क वर गेले, पुन्हा खाली आले. अण्णा लुटायला पोरांबरोबर जमिनीवर बसले आणि त्यांना उठवायला खरोखरच दोघं लागले. जाताना सिस्टरनी ॲप्रनचा खिसा पुढे केला. आईंनी तो बोरांनी भरला, वरून बचकभर हलवाही टाकला. त्यांचा रिकामा डबा मी गेटपर्यंत नेऊन दिला. हलका लागला.

पुढच्या महिन्यात बोरं नव्हती, तरी बायका आल्या. समोरच्या दाराने आल्या. खोलीला पुन्हा बालवाडी म्हणू लागल्या, कधीपासून ते आठवत नाही. डोंगरावरचा तो पोरगा बरा झाला, असं मित्राने सांगितलं. शेजारच्यातलं एक पोर बरेच दिवस इस्पितळात होतं, तेही घरी आलं. वरच्या सगळ्याच गल्ल्यांचं बरं झालं का, हे मला माहीत नाही. मी आमच्या खोलीत त्या दिवशी रडलेल्या पोरांबद्दलच बोलू शकते. ती आता शाळेत जातात, एकमेकांच्या बाटल्यांतलं पाणी पितात, जिन्यातून उतरताना रेलिंगवरून घसरतात आणि रोज कुणाचा तरी गुडघा फुटतो. ओवी त्यांत पुढे असते. पाच वर्षांचा डोस तिला बालवाडीतच मिळाला. त्या दिवशी तिने सुईपेक्षा, आता तू पाटावर बसायला मोठी झालीस, ह्या गोष्टीचा जास्त राग केला.

आईंची बोटं आता थरथरतात. हलवा दादरहून येतो, आई त्याला नावं ठेवतात आणि दोऱ्यात मात्र स्वतःच ओवतात. अण्णांनी लाल खुर्चीवर बसायचं सोडून दिलंय, त्यांना खरी खुर्ची मिळते. 

यंदाच्या बुधवारी डक्टमधून पहिलं रडणं आलं तेव्हा मी गॅस बंद करून खाली गेले. तिसऱ्या मजल्यावर नवी सून आली आहे, सायली, साताऱ्याची. तिचं पहिलं बोरन्हाण. ती कडेवर बाळ घेऊन एका कानाने आपल्या आईशी फोनवर बोलत होती, आणि माहेरी बहुधा काहीतरी शंका निघाली होती. सायली अगदी ठासून सांगत होती. "अगं नाही आई, आमच्याकडे बाजूबंद घालत नाहीत. आणि आधी सुई असते, मग बोरं. इथली रीत आहे ती, पूर्वीपासूनची."

मित्राने माझ्याकडे बघितलं, मी मित्राकडे. आई पलीकडे बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी काही दुरुस्त केलं नाही. पूर्वीपासूनची म्हणजे करपलेल्या एका परातीपासूनची, हे मी सांगणार होते, पण राहिलं. शेवंतीपासूनची म्हटलं तर सायलीचंच बरोबर होतं.

सायलीच्या बाळाला सुई टोचली आणि ते क्षणभर गप्प झालं. मग त्याने तोंड उघडलं. सायली कावरीबावरी झाली, शू शू करत त्याला हलवू लागली, हात त्याच्या तोंडाकडे नेऊ लागली. आई लाल खुर्चीचा आधार घेत उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि तिचा हात धरला.

"रडांदे गो," त्या म्हणाल्या. "रडता तां बरां."